एकाला औषध, एकीला नाही

बीबी गावच्या पुंजाजींचं शेत रस्त्याला लागून आहे, आणि रस्त्याला लागलेलं शेत हे नुसतं शेत राहत नाही. तिथे कंपनीचा बोर्ड लागतो. दर खरिपात कोणती तरी कंपनी यायची, सोयाबीनच्या मधोमध दोरी ताणायची आणि दोरीच्या दोन बाजूंना दोन पाट्या ठोकायची. एकीवर ‘आमचे औषध वापरलेले’, दुसरीवर ‘न वापरलेले’. याला डेमो प्लॉट म्हणतात. पीक भरात आलं की जीपगाड्या भरून शेतकरी आणायचे, त्यांना पोहे द्यायचे आणि दोरीच्या दोन्ही बाजू दाखवायच्या. शेतकरी पोहे खायचे, फरक बघायचे आणि थक्क व्हायचे.

फरक असायचाच. तो पुंजाजी पाडायचे. कंपनीच्या पोराने डोळा मारला की पहिल्या बाजूला युरियाची मूठ जास्त जायची आणि दुसऱ्या बाजूच्या पाण्याची पाळी चुकायची. यात पुंजाजींना काही गैर वाटत नसे. बोर्ड आपल्या शेतात लागला म्हणजे पाहुणा आला, आणि पाहुण्याची इज्जत राखणं हे यजमानाचं काम.

म्हणून चिखलीच्या दवाखान्यात काचेतून त्यांनी आपली दोन नातवंडं पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा मनात कौतुक यायच्या आधी दुसरंच काही येऊन बसलं.

नातवंडं जुळी होती. एक मुलगा, एक मुलगी. त्यांची सून राखी डोहाळजेवणासाठी माहेरी, वडनेर भोलजीला जायची होती. पिशवी भरून झाली, तेवढ्यात कळा आल्या. सातवा महिना नीट लागलाही नव्हता. डोहाळजेवण राहिलं आणि बाळंतपण झालं. आता ती दोन लेकरं शेजारी शेजारी दोन पाळण्यांत निजली होती. वर शेगडीसारखी ऊब देणारे दिवे, आणि लेकरं एवढीशी की पुंजाजींना आधी नुसते लंगोटच दिसले. मुलाच्या नाकाला हवा ढकलणारी नळी होती. हाताच्या शिरेत दुसरी नळी, आणि ती एका यंत्राला जोडलेली. यंत्र एका सिरिंजला हळूहळू मागून ढकलत होतं. मुलीला यातलं काही नव्हतं. तिला फक्त दुधाची बारीक नळी.

दोघांच्या मध्ये दोरी तेवढी नव्हती.

“गणेश,” पुंजाजींनी मुलाला विचारलं, “पोट्ट्याले काय देऊन राह्यले?”

“औषध, बाबा. त्याच्या हृदयाजवळची नस उघडी राह्यली म्हंते.”

“अन् पोट्टीची?”

“तिचीबी उघडीच हाये. थोडीशी.”

“मंग तिले काऊन नाई औषध?”

गणेशची बीबीत पिठाची गिरणी आहे. गिरणीत आवाज एवढा असतो की विचारलेलं ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तरी उत्तर पोचत नाही, त्यामुळे प्रश्न विचारायची त्याची सवयच मोडली होती. त्याने हे डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे डॉ. सबीहा. त्या चिखलीच्याच. बांगड्यावाल्या सईदभाईंची पोरगी म्हणून अर्धा बाजार त्यांना ओळखायचा, आणि ओळखणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर बसला की आधी बांगड्यांचं बोलायचा. पुंजाजी तेवढे सरळ नव्हते. त्यांनी बांगड्यांचं काढलं नाही. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, “बाई, मले समजून सांगा. म्या अडाणी माणूस.”

पुंजाजी स्वतःला अडाणी म्हणायला लागले की बीबीतले लोक खिसे चाचपतात. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी समजावलं.

“काका, बाळ पोटात असतं तेव्हा फुप्फुसाला काम नसतं. श्वास आई घेते. म्हणून रक्ताने फुप्फुसाला वळसा घालून जावं यासाठी हृदयाजवळ एक जोडनळी असते, सगळ्यांनाच. बाळ जन्मलं, रडलं, श्वास घेतला, की ती मिटायला लागते. ही दोघं घाई करून आली. यांची मिटली नाही.”

“दोघायचीबी?”

“दोघांची. पण मुलाची मोठी आहे. तिच्यातून रक्त परत फुप्फुसात शिरतंय, त्याला धाप लागतेय, नाकाची हवा कमी करता येत नाहीये. म्हणून त्याला औषध. मुलीची बारीक आहे, तिला काही त्रास नाही. आपोआप मिटेल असं वाटतं.”

“वाटते?”

“हो. वाटतं.”

“अन् औषधानं पोट्ट्याची मिटनच?”

“मिटायला पाहिजे. बहुतेकांची मिटते. सगळ्यांची नाही. नाही मिटली तर दुसऱ्यांदा देऊ. तरी नाही, तर पुढचं पाहू.”

पुंजाजी उठून बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. आयुष्यात त्यांनी बियाणेवाले पाहिले, फवारणीवाले पाहिले, बोअर मारणारे आणि पाणी दाखवणारे पाहिले. सगळ्यांनी गॅरंटी दिली होती. ‘बहुतेक’ म्हणणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. ज्याला माल खपवायचा असतो तो बहुतेक म्हणत नाही. मग या बाईला खपवायचं तरी काय आहे?

तेवढ्यात गणेशने आणखी एक बातमी आणली. नर्स समता सिस्टर बाटलीतून औषध सिरिंजमध्ये ओढत होत्या, त्याने बाटलीवरचं नाव वाचलं होतं.

“पॅरासिटामोल, बाबा.”

बाकावर बसलेल्या पुष्पाबाईंनी मान वर केली. पुष्पाबाई म्हणजे राखीची आई. बातमी कळताच वडनेरहून मिळेल त्या गाडीने आलेल्या, आणि आल्यापासून व्याह्यांकडे तिरप्या डोळ्यांनी बघत असलेल्या.

“म्हंजे तापाची गोळी?”

“तेच म्हंते. त्याचंच इंजेक्शन.”

“मायबाई! अन् लेकराले ताप हाये का?”

“ताप नाई.”

डॉक्टरांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, की हो, तेच. तापाचं औषध या नळीवरही काम करतं, नळी उघडी ठेवणारा जो रस अंगात असतो तो त्याने कमी होतो. दुसरंही एक औषध आहे, पण त्याने लघवी कमी होऊ शकते आणि रक्त वाहायची भीती असते. मुलाच्या रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी आधीच कमी, म्हणून हे निवडलं. सगळं खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच कोणाच्या घशाखाली उतरेना. जे औषध बीबीच्या किराणा दुकानात बिस्किटाच्या बरणीशेजारी मिळतं, ज्याने पुंजाजींची कंबरदुखी कधी थांबली नाही, त्याने हृदयाची नळी मिटते म्हणे. डॉक्टरांनी एखादं लांबलचक, जिभेला न वळणारं नाव सांगितलं असतं, तर त्या दिवशी दवाखान्यात शांतता नांदली असती.

दुपारी बाकावर दोन तर्क समोरासमोर बसले.

“इनबाई,” पुंजाजी विहिणीला म्हणाले, “हा प्लॉट हाये.”

“कोनता प्लॉट?”

“एकाले मारलं, एकाले नाई मारलं. मंग दोघं शेजारी ठेवायचे अन् पाहायचं. म्या हेच केलं जिंदगीभर. आपल्या पोट्ट्यावर औषध करून पाहून राह्यले.”

पुष्पाबाईंनी पदर सावरला. “तुमाले पोट्टाच दिसते, इवाई. मले पोट्टी दिसते. पोट्ट्याले औषध, मशीन, सुई, समदं. अन् पोट्टीले काय? आपोआप! पोट्टीचं समदं आपोआपच असते. आपोआप वाढते, आपोआप लगनाची होते. म्या तीन पोरी वाढोल्या, आपोआप म्हननारे लय पाह्यले.”

“म्या सांगतलं का त्यायले, पोट्टीले देऊ नका म्हनून?”

“म्या कोठी म्हनलं तुमी सांगतलं? तुमीच म्हनून राह्यले.”

यावर पुंजाजींनी आवाज वाढवला. उद्या गाडी सांगतो, म्हणाले. पोट्ट्याला उचलायचं आणि मोठ्या शहरात न्यायचं. समता सिस्टर दारातून म्हणाल्या, “काका, हळू.” ते हळू आवाजात म्हणाले, उद्या गाडी सांगतो.

हे सगळं राखीच्या कानावर जात होतं. तिची खाट भिंतीपलीकडेच होती. सासरे येऊन सांगायचे, तुझ्या पोरावर प्रयोग चालू आहे. आई येऊन सांगायची, तुझ्या पोरीला टाळलंय. आणि डॉक्टर येऊन सांगायच्या, मुलाला या हालतीत गाडीत घालणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याचा श्वास त्या नळीवर टेकलेला आहे. न्यायचंच असेल तर आई-वडिलांनी सही करायची. गणेश सहीचं नाव काढलं की खिशातलं पेन काढून पुसायचा आणि परत ठेवायचा. राखीला दोन्ही लेकरं घेऊन घरी जायचं होतं, बस. त्यासाठी कोणावर विश्वास टाकायचा, एवढंच तिला कोणी सांगत नव्हतं. विश्वास टाकू नये अशा लोकांची नावं मात्र सगळे सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी डॉक्टरांसमोर प्रस्ताव ठेवला.

“बाई, आज औषध पोट्टीले द्या. पोट्ट्याले सुटी. मंग फरक पाहू.”

डॉ. सबीहा म्हणाल्या, “काका, तुमच्या पायात काटा गेला आणि काकूंच्या नाही. तर काटा काढायला आज काकूंचा पाय घेऊ का?”

“काटा दिसते, बाई. ही नळी कोनाले दिसते?”

“मला दिसते. तुम्हाला पण दाखवते.”

हे डॉक्टरांच्या अंगलट येऊ शकलं असतं, पण त्यांनी शब्द पाळला. हृदयाचे डॉक्टर बाहेरगावाहून आपलं मशीन घेऊन यायचे. ते आले तेव्हा पुंजाजींना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, अंगात हिरवा झगा, तोंडाला फडकं, आणि गांधीटोपी काढून घेऊन दुसरीच फुगीर टोपी घातली. अशा अवस्थेत ते आत गेले. मुलाच्या छातीवर जेल लावून डॉक्टरांनी एक लहानसा दांडा टेकवला, आणि पडद्यावर लाल-निळं काही तरी फडफडायला लागलं.

“हा बघा, हा लाल झोत,” डॉ. सबीहा म्हणाल्या. “जिथे जायला नको तिथे चाललाय.”

“हे आताचं हाये का रेकॉर्ड?” पुंजाजींनी विचारलं.

हृदयाचे डॉक्टर पुण्याकडचे असावेत. त्यांना प्रश्न कळला नाही. पण नातवाला कळला. त्याने काडीएवढा पाय झाडला आणि पडद्यावरचं चित्र सगळं हललं. पुंजाजींनी पाय पाहिला, चित्र पाहिलं, पुन्हा पाय पाहिला. मग शेजारच्या पाळण्याकडे बोट करून म्हणाले, “आता तिचं.”

मुलीच्या पडद्यावरही लाल दिसलं. दोऱ्याएवढं बारीक, पण लाल.

बाहेर येऊन त्यांनी टोपी घातली आणि बाकावर जाहीर केलं, “चित्र खरं हाये. म्या पाह्यलं. दाखवनारा खरा हाये का नाई ते मंग पाहू. गाडी राहू द्या, गणेश. पुढची पाहनी होऊ द्या.”

राखीच्या छातीवरचा एक दगड उतरला. तिला काय माहीत, तो तिच्याच आईच्या पदरात जाऊन पडणार आहे. कारण पुंजाजींनी जाता जाता एक वाक्य जास्तीचं टाकलं होतं.

“पोट्टीचीबी नळी उघडीच हाये, इनबाई. बारीक हाये, पन हाये. लाल लाल.”

पुष्पाबाई पिशवी घेऊन उठल्या आणि बसस्टँडच्या बाजूच्या औषधाच्या दुकानात गेल्या.

“लेकराचं तापाचं औषध द्या. पातळ.”

“लेकरू केवढं आहे, मावशी?”

“हे एवढं,” पुष्पाबाईंनी हातांत अंतर धरून दाखवलं. खरंच तेवढंच होतं. दुकानदाराला वाटलं मावशी गंमत करतात. त्याने बाटली दिली.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. जुळ्यांना सगळं वाटून द्यायचं. एकाला घोटभर पाणी पाजलं तर दुसऱ्याच्या ओठालाही बोट लावायचं, एकाला टोपडं तर दुसऱ्याला टोपडं. नाही तर दुसरं रुसतं. रुसतं म्हणजे काय, हे तिथे कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरी रुसलं आहे त्यांना माहीत असतं. पुष्पाबाईंच्या मावशीकडे रुसलं होतं.

मुलीची तब्येत बरी होती, म्हणून तिला रोज थोडा वेळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरायला देत. राखी पोटाच्या टाक्यांमुळे फार वेळ बसू शकत नसे, तेव्हा समता सिस्टरच म्हणाल्या, “आजी, तुम्ही घेता का? आजीच्या अंगाची ऊबही चालते.” पुष्पाबाईंनी आंघोळ केली, हात धुतले, झगा घातला आणि खुर्चीत रेलून बसल्या. सिस्टरने नात त्यांच्या छातीवर ठेवली, वरून झगा ओढला आणि दुसऱ्या बाळाकडे गेल्या. राखी शेजारच्या खुर्चीवर होती.

“राखे,” पुष्पाबाई कुजबुजल्या, “सिस्टरवर ध्यान ठेव.”

“काऊन?”

पुष्पाबाईंनी कमरेला खोचलेली बाटली आणि कापसाची वात काढली.

“माय, नको.”

“चूप. एकच थेंब. त्याले देऊन राह्यले न? मंग हे उपाशी काऊन? आपलं मागायले लाजायचं नाई.”

राखी ‘नको’ पुन्हा म्हणाली नाही. तिने सिस्टरकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. तिलाही गेले दोन-तीन दिवस तेच वाटत होतं, फक्त ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

काचेपलीकडे पुंजाजी उभे होते. तिथून त्यांना वात दिसत नव्हती, बाटली दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त विहिणीची पाठ. पण ती पाठ किंचित वाकली, खांदा आत वळला, आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेली. पुंजाजी पिकलेले गृहस्थ होते. कोणी बघत नसताना एका ओळीला जास्तीचं घालणारा माणूस मागून कसा दिसतो, हे जगात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

त्यांनी काचेवर थाप मारली. “ओ सिस्टर! ओ बाई! इनबाई, हात बाहेर काढा! हात बाहेर!”

काच थरथरली. समता सिस्टर धावल्या. तेवढ्यात मुलीला ठसका लागला, एवढ्याशा जिवाला लागावा तेवढाच, आवाजही न येणारा. तिच्या पायाला लावलेलं यंत्र टीं टीं करायला लागलं आणि तिचे ओठ जांभळे पडले. सिस्टरने तिला उचललं, पाळण्यात ठेवलं, बारीक नळीने तोंडातलं ओढून साफ केलं, पाठ चोळली. मुलगी रडली. मांजराच्या पिल्लासारखं, पण रडली. यंत्र गप्प झालं.

डॉ. सबीहा आल्या. त्यांनी आधी मुलीला तपासलं, छातीचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकला, बराच वेळ ऐकला. मग वळल्या.

“मावशी, मी रागावणार नाही. मला फक्त सांगा, काय दिलं आणि किती दिलं.”

“काई नाई. तोंड पुसून राह्यली होती.”

“खोटं,” दारातून पुंजाजी म्हणाले.

“काका, तुम्ही बाहेर थांबा.”

पुंजाजी पाऊलभर मागे सरकले. तेवढं त्यांच्या मते बाहेर होतं.

पुष्पाबाईंनी ओठ घट्ट मिटले. डॉक्टरपुढे कबूल करायला त्या एक वेळ तयार झाल्या असत्या. व्याह्यापुढे? पोरीच्या सासरी? ती गोष्ट बीबीत संध्याकाळच्या आत पोचली असती आणि वडनेरला त्याच्या आधी. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मुलीच्या पोटात काय गेलं, श्वासात काय गेलं, हे कळल्याशिवाय पुढे काय करायचं ते ठरणार नव्हतं, आणि ते माहीत असलेलं माणूस तोंड उघडत नव्हतं.

“माय, सांग,” राखी म्हणाली. “नाई तं मी सांगतो. मीबी पाहत बसली होती.”

पुष्पाबाईंनी कमरेची बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारी वात ठेवली. “हे. वात भिजोली होती. ओठाले लागली, तेवढ्यात हे बोंबलले. चोखलं का नाई, मले नाई दिसलं.”

डॉक्टरांनी वात उचलली. ती अजून भिजलेली होती. बाटलीतलं औषध वातीपुरतंच कमी झालं होतं. त्यांनी श्वास सोडला, सिस्टरला काय काय बघत राहायचं ते सांगितलं आणि खुर्ची ओढून पुष्पाबाईंसमोर बसल्या.

“मावशी, तिला अजून गिळता येत नाही. दूध सुद्धा नळीने पोटात जातं. हा थेंब श्वासात गेला असता तर?”

“मंग पोट्ट्याले कसं देता?”

“शिरेतून देतो. वजनावर, थेंब मोजून, आणि रोज त्याचं रक्त तपासून. औषध म्हणजे खाऊ नाही, एकाला दिला तर दुसऱ्याला द्यायला. तिला लागलं असतं तर दिलं असतं. आमच्या घरी आम्ही चार बहिणी आहोत, मावशी. पोरगी म्हणून मी कोणाला कमी दिलं असं अम्मीला कळलं, तर मला घरात घेणार नाही.”

पुष्पाबाई खाली बघत होत्या. मग अचानक त्यांनी मान वर केली आणि दारातल्या पुंजाजींकडे पाहिलं.

“इवाई, वात तं माया झग्याखाली होती. तुमाले काचेतून कसं समजलं?”

सगळ्यांनी पुंजाजींकडे पाहिलं. गणेशनेही. गणेश लहानपणी युरियाची बादली धरून उभा असायचा.

“अंदाज,” पुंजाजी म्हणाले आणि खरोखरच बाहेर गेले.

मुलीला काही झालं नाही. दिवसभर सिस्टरांची नजर तिच्यावरून हलली नाही, आणि तिने सगळ्यांना नीट श्वास घेऊन दाखवला. पुढच्या पाहणीला हृदयाचे डॉक्टर आले, तेव्हा तिच्या पडद्यावर लाल काही नव्हतं. नळी मिटली होती. मुलाची बारीक झाली होती, पण मिटली नव्हती.

पुष्पाबाईंनी ही बातमी ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की पुंजाजींना राहवेना.

“इनबाई, तुमच्या वातीनं नाई मिटली ते.”

“म्या कोठी म्हनलं?”

“तुमचं तोंड म्हनून राह्यलं.”

“माया तोंडाचं सोडा. पोट्टीच्या तोंडाले एक थेंब लागला अन् मिटली. पोट्ट्याले एवढं दिलं, अजून उघडीच. काय समजायचं ते समजा.”

मुलाला औषधाची दुसरी फेरी द्यावी लागेल, डॉक्टर म्हणाल्या. या वेळेला मिटेल? बहुतेक. पुंजाजींनी पुन्हा गाडीचा विषय काढला. मोठ्या शहरातले डॉक्टर ‘नक्की’ म्हणतात, असं त्यांना बाकावरच्या एका माणसाने सांगितलं होतं. गणेशने पेन काढून पुसलं. पुष्पाबाई म्हणाल्या, वातीचा विचार करा. मग सगळे बोलायचे थांबले, कारण राखी खाटेवरून उठून दारात आली होती. एका हाताने पोट धरून, दुसऱ्याने चौकट.

“मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली, “तुमी म्हंता डॉक्टरीन खोटं बोलते. माय म्हंते, पोट्टीले टाळते. मले दोघायचंबी खरं वाटलं. एका डॉक्टरीनीचंच खरं नाई वाटलं, काऊन की ते ‘बहुतेक’ म्हंते. पन माया लेकीच्या तोंडात वात कोनी घातली? डॉक्टरीनीनं? माया लेकाले गाडीत कोन टाकून राह्यलं? डॉक्टरीन?”

पुंजाजींनी टोपी काढून हातात घेतली.

“अन् मीबी पाहतच बसली. आता नाई बसत.” ती डॉ. सबीहांकडे वळली. “द्या, बाई. त्याले द्या. तिले काई देऊ नका. अन् त्या काचेच्या आत, मी सोडून कोनी येनार नाई.”

गणेशने पेन पुढे केलं. या वेळी पुसलं नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. आत जायला बंदी म्हणून आजा आणि आजी दोघंही काचेबाहेर बसले, आणि बसले ते असे की एक उठला की दुसरा त्याच्या मागे. पुंजाजी चहाला निघाले की पुष्पाबाईंना तहान लागायची. पुष्पाबाई मंदिराकडे निघाल्या की पुंजाजींना देव आठवायचा. एकमेकांना एकटं सोडायला कोणी तयार नव्हतं. समता सिस्टर म्हणाल्या, दवाखान्याला असा पहारा याआधी मिळाला नव्हता.

मुलाची धाप कमी होत गेली. आधी हवेचा जोर कमी केला, मग नाकाची नळी काढली, आणि तो स्वतःच्या श्वासावर राहिला, दमून भागून, पण राहिला. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. नळी केसाएवढी उरली होती.

डॉ. सबीहा बाहेर आल्या. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा होता. “बाळ छान आहे. औषध आजपासून बंद. उरलेली आपोआप मिटेल.”

त्या आत गेल्या.

“इनबाई,” पुंजाजी हळूच म्हणाले, “नळी तं अजून थोडी उघडीच हाये.”

“हाव. अन् औषध बंद.”

“आता तं गुन येऊन राह्यला होता. मंग बंद काऊन?”

“मीबी तेच म्हंतो, इवाई. आता पोट्ट्यालेबी आपोआप?”

लेकरं जन्मल्यापासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. ते दोघं उठले आणि खांद्याला खांदा लावून काचेशी गेले. आत राखी खुर्चीत रेलून बसली होती. समता सिस्टरने मुलगी तिच्या छातीवर एका बाजूला ठेवली, मग मुलगा दुसऱ्या बाजूला ठेवला आणि दोघांवरून झगा ओढला. राखीने डोळे मिटले. मग उघडले, काचेतल्या दोन चेहऱ्यांकडे पाहिलं आणि सिस्टरला काही तरी सांगितलं. सिस्टरने पडदा ओढला.

“पाह्यलं?” पुष्पाबाई म्हणाल्या. “पडदा काऊन लावला?”